सावली बत्तीस मिनिटं मागे

दांडेबंदरातला सूर्य सरकारी ठरावाने गेला. उन्हाळे जीवघेणे झाले होते. नागपूर-चंद्रपूरकडे भर दुपारी माणसं रस्त्यात कोसळत होती. तेव्हा अरबी समुद्रात फवारणीची जहाजं आली. ती समुद्राचं पाणी धुक्याहून बारीक करून आभाळात सोडत. पाणी उडून जाई, मिठाचे कण उरत आणि त्या कणांभोवती ढगाचे थेंब धरत. थेंब जितके बारीक, तितका ढग पांढरा. ढग जितका पांढरा, तितकं ऊन वरच्या वर परत. देशाचा पारा खाली आला. किनाऱ्यावर मात्र वर्षातले साडेतीनशेहून जास्त दिवस आभाळ दुधी काचेसारखं राहू लागलं. सकाळ, दुपार आणि तिन्हीसांजा यांत फरक उरला नाही.

पहिल्या दोन-तीन वर्षांत कुणाला काही जाणवलं नाही. मग म्हातारी माणसं दुपारी अंथरुणं घालू लागली. दवाखान्यात झोप न येणाऱ्यांच्या रांगा लागल्या. दिगंबर मयेकरच्या घरी हे दुखणं त्याच्या बायकोच्या, शालनच्या, पावलांनी आलं. शालन सव्वीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवत होती. एके दिवशी ती शाळेत गेली आणि तासाभराने परत आली.

"वर्ग रिकामा आहे रे दिगू," ती म्हणाली. "सगळी पोरं कुठे गेली?"

संध्याकाळचे सहा वाजले होते.

तिला घड्याळ वाचता येत होतं. पण घड्याळातले सहा हे सकाळचे की संध्याकाळचे, हे तिला आतून कळत नव्हतं. पुढच्या वर्षभरात ती नोकरी सोडून घरी बसली. कधी पहाटेच कुळथाची पिठी करून ताट वाढून ठेवायची, तर कधी दोन दोन दिवस जेवायची नाही. केतकी, त्यांची मुलगी, नागपुरातून रोज फोन करायची. तिच्या खिडकीत ऊन असायचं. ते पडद्यावर दिसलं की शालन बोलायची थांबून त्याच्याकडे बघत राहायची.

उपाय निघाला तो सूर्यघड्याळांचा. आधी शहराने घराघरांत झगझगीत दिवे लावून पाहिले होते. त्याने नुसते डोळे दुखले. मग संशोधकांच्या ध्यानात आलं, की डोळ्याच्या पडद्यावर ज्या पेशी शरीराचं घड्याळ लावतात, त्यांना नुसता उजेड पुरत नाही. उजेड कुठून येतो, किती उंचावरून येतो, त्याचा रंग कसा बदलतो आणि समोरच्या सावल्या कशा सरकतात, हे सगळं त्यांना लागतं. एका जागी टांगलेला दिवा हा त्यांच्या हिशेबी दिवस नव्हताच.

म्हणून शहरात सात मोठी सूर्यघड्याळं उभी राहिली. सर्वांत मोठं जुन्या मच्छीबाजाराच्या जागी होतं. मधोमध सात मजली उंचीचा काळ्या दगडाचा तिरपा शंकू, भोवती पांढऱ्या फरशीचं मैदान, फरशीत पितळेच्या तासरेषा आणि वर दोन मनोऱ्यांच्या मध्ये ताणलेली दिव्यांची कमान. ढगांआड सूर्य या क्षणी कुठे आहे, हे संगणकाला सेकंदासेकंदाने ठाऊक. कमानीतला नेमका तिथला दिवा पेटायचा आणि शंकूची सावली जिथे पडायला हवी तिथे पडायची. आसपासच्या रस्त्यांवरचे दिवेही त्याच तालावर उजळायचे आणि मंदावायचे. चुकून खरं ऊन पडलंच तर कमान विझायची सोय होती. ढगांच्या प्रत्येक फटीला दिवे लुकलुकू नयेत म्हणून ती सोय तीन मिनिटं थांबून मगच काम करायची.

दिगंबर या घड्याळाचा तंत्रज्ञ होता. आधी तो ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. समुद्रात मासळी उरली नाही तेव्हा नगरपालिकेत लागला. घड्याळ सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात तो शालनला हाताला धरून मैदानात घेऊन आला आणि त्याने तिला बाकावर बसवलं. ती सावलीकडे बघत बसली. पंधराव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "दिगू, भूक लागली. एक वाजत आला असेल ना?"

एक वाजायला सात मिनिटं होती. दिगंबर छायाघरात, म्हणजे घड्याळाच्या नियंत्रणखोलीत, जाऊन दार लावून रडला.

सहा महिन्यांत शालन पूर्वीची शालन झाली. दर शनिवारी दुपारी मैदानात ती पोरांना सावली वाचायला शिकवू लागली. त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली. रोज दुपारी तीनच्या रेषेवर सावली आली की हातातल्या घड्याळात बघायची आणि वहीत आकडा टिपायची. लोक तिला सावलीवाल्या बाई म्हणू लागले.

पुढच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात कार्यकारी अभियंता बुटाला छायाघरात आले. खुर्ची पुसून बसले, चहा नको म्हणाले.

"मयेकर, घड्याळ थोडं मागे ठेवायचंय."

दिगंबरला आधी कळलंच नाही. "कुठलं घड्याळ, साहेब?"

"हेच. बंदराच्या संध्याकाळच्या पाळीत माणसं पेंगतात. उजेड मंदावला की अंग ढेपाळतं. आपला उजेड अर्धा तास जास्त टिकला तर त्यांचं काम नीट होईल. रोज पंधरा सेकंद मागे सरकवायचं, सव्वाचार महिने. कुणाला कळणार नाही. सकाळी पहिल्या तासात सावली जरा रेंगाळेल, मग दिवसभर तेवढीच मागे चालेल."

"पण साहेब, हे सूर्यघड्याळ आहे. सूर्य तर..."

"सूर्य कुणी पाहिलाय?" बुटाला म्हणाले. आवाज चढवला नाही. "या कमानीची वीज बंदर देतं. ते म्हणाले, हे जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून आम्ही वीज देणार नाही. सातही घड्याळं बंद. तुमच्या घरी काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून तुमच्याशी स्वतः बोलायला आलो. कागदावर काही नसेल."

बुटाला गेल्यावर दिगंबर खिडकीशी उभा राहिला. खाली मैदानात शालन दोन मुलींना रेषेवर उभं करून काहीतरी समजावत होती. घड्याळ बंद पडलं तर काय होईल ते त्याने आधीच पाहिलेलं होतं. अर्ध्या तासाने काय होणार आहे? त्याने आकडा भरला. पुढचं काम संगणक रोज आपणहून करत राहिला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शालनने जेवता जेवता वही काढली.

"तुझी सावली उशिरा चालतेय."

दिगंबरचा घास हातात राहिला. "कशी उशिरा?"

"हे बघ." ती शिक्षकी आवाजात बोलू लागली. "देशाची वेळ जिथून धरतात तिथून आपण पश्चिमेला. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सदतीस मिनिटं मागे. हा झाला कायमचा फरक. त्यात पृथ्वीचा वेग वर्षभर सारखा नाही, आस कललेला. म्हणून सूर्य कधी ठरल्यापेक्षा पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो. सदतीसातून सोळा वजा केले की एकवीस. म्हणजे सावली तीनच्या रेषेवर आली की माझ्या घड्याळात तीन एकवीस हवेत. आकडे रोज टिपत होते, पण हिशेब लावून आठ दिवसच बघतेय. तीन त्रेपन्न होतात. बत्तीस मिनिटं कुठून आली?"

बत्तीस. तिने नेमका आकडा काढला होता. ताटातल्या भातावर सोलकढी पसरत होती, तिकडे बघत दिगंबर मनात बेरीज-वजाबाकी करत होता. आणि त्याला एक वाट दिसली. सदतीस आणि सोळा, त्रेपन्न. सोळा वजा करण्याऐवजी मिळवले तर आकडा तंतोतंत जुळत होता. हा योगायोग त्याने घडवून आणलेला नव्हता. तो समोर आयताच पडला होता.

"तू चिन्ह चुकवलंस," तो म्हणाला.

"काय?"

"सोळा मिळवायचे असतात. नोव्हेंबरात सूर्य मागे असतो. सदतीस अधिक सोळा, त्रेपन्न. बघ, बरोबर जुळतं."

शालन वहीकडे बघत राहिली. "नाही रे. नोव्हेंबरात वजाच. मी इतकी वर्षं..." तिने मागची पानं उलटली. "हा बघ तक्ता. मी लिहून ठेवलाय."

"तो कधी लिहिलास?"

तिने तारीख पाहिली. तो तक्ता तिने गेल्या वर्षी, दुखण्यातून उठता उठता, आठवणीतून लिहिला होता. तिने वही मिटली. एवढ्यानेच काम झालं.

दुसऱ्या दिवशी तिने केतकीला फोन केला. केतकीने बापाला केला. "बाबा, आई काहीतरी चिन्हांचं विचारत होती. मी शोधून सांगू का तिला?"

"नको गं," दिगंबर म्हणाला. "तिला उगाच त्रास होतो. मी समजावलंय. तू विषय काढू नकोस."

केतकीने काढला नाही. बाबांनी इतकी वर्षं आईला सांभाळलं होतं. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं तिला कारणच नव्हतं.

शनिवारी पोरं मैदानात जमली तेव्हा शालन गेली नाही. खिडकीतून तिने त्यांना परत जाताना पाहिलं.

"मी त्यांना चुकीचं शिकवत होते," ती म्हणाली. "किती पोरं झाली असतील, सव्वीस वर्षांत? सगळ्यांना असंच काहीबाही शिकवलं असेल मी."

"शालन, एका चिन्हाने काय होतं?"

"गणितात चिन्हानेच होतं, दिगू."

त्यानंतर तिने पुस्तिका कपाटात टाकली. एखादी गोष्ट शोधून खात्री करून घेणं तिला सहज जमलं असतं. पण शोधल्यावर आपण पुन्हा चुकलेलो निघू, या धास्तीने ती शोधायलाच तयार नव्हती. भाजीवाल्याने दिलेली मोड ती दिगंबरकडून मोजून घेऊ लागली. औषधाच्या गोळ्या आपण घेतल्या की नाही, हे दोनदा विचारू लागली. तिला मैदानात न्यावं तर ती बाकावर बसायची, पण सावलीकडे पाठ करून. तिचं अंग एक सांगत होतं आणि सावली दुसरं. आणि आता अंगावर विश्वास ठेवायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शहरही बदललं होतं. बंदरातली पाळी जोरात चालत होती. रस्त्यावर माणसं किरकोळ कारणांवरून एकमेकांच्या अंगावर जात होती. सगळे थोडे थोडे कमी झोपत होते आणि आपण इतके चिडचिडे का झालो, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

जानेवारीत डॉक्टर फरीदा परकारांनी शालनला तपासलं. तिला बाहेर बसवून दिगंबरला आत थांबवलं.

"मयेकर, एक सरळ विचारते. कमानीच्या उजेडात काही बदल केलाय का तुम्ही लोकांनी? बरे झालेले माझे नऊ पेशंट हिवाळ्यात पुन्हा घसरलेत."

हीच वेळ होती. पुढे दिगंबर या क्षणाकडे पुन्हा पुन्हा परत जाई. दार बंद होतं, बाई समजूतदार होत्या, ऐकून घेतलं असतं.

"नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "सगळं जसंच्या तसं आहे."

"मग हे दुखणंच पुन्हा उसळतंय," परकार म्हणाल्या आणि शालनच्या गोळ्या वाढवल्या.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, दिगंबर शालनला घेऊन मैदानात आला होता. हातातल्या घड्याळात पाच वाजायला नऊ मिनिटं होती. सावली साडेतीनच्या अलीकडे होती. बाकांवर पंधरा-वीस माणसं असतील. समुद्राकडून वारा सुटला आणि बघता बघता पश्चिमेला आभाळ फाटलं.

ऊन पडलं. खरं ऊन, पिवळं, अंगाला चटका देणारं. मैदानात एकच ओरडा झाला. माणसं बाकांवरून उठली, एकमेकांना हाका मारू लागली, फोन उंच धरून सूर्याचे फोटो काढू लागली. एक म्हातारा टोपी काढून तोंड वर करून डोळे मिटून उभा राहिला. सगळ्यांच्या माना वर होत्या.

शालन तेवढी खाली बघत होती.

फरशीवर शंकूच्या दोन सावल्या होत्या. एक साडेतीनच्या अलीकडे, कमानीच्या दिव्याची. दुसरी बरोबर चारच्या रेषेवर, सूर्याची. मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी उन्हाची पट्टी. दोन्ही सावल्या सारख्याच काळ्या, काठ रेखल्यासारखे.

शालनने दिगंबरचा दंड धरला. तिची बोटं रुतली.

"दिगू," ती अगदी हळू म्हणाली, "किती सावल्या आहेत?"

दिगंबरने पाहिलं. खोटं उजेडात यायला आणखी कुणाची गरज नव्हती. तिने कुणालाही हाताने दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण ती दाखवत नव्हती. ती विचारत होती. आणि विचारत होती त्याला. त्याच्या मनात छायाघर आलं, बुटाला आले, ताटावरची ती वही आली आणि परकारांचा प्रश्न आला. खरं सांगायचं तर आता हे सगळंच सांगावं लागणार होतं.

"एक," तो म्हणाला.

शालनने डोळे मिटून घेतले. "मला घरी ने."

ते मैदानाच्या कडेला पोचेपर्यंत ढग पुन्हा मिटले होते. मागे लोक एकमेकांना फोटो दाखवत होते. प्रत्येक फोटोत सूर्य होता.

दुसऱ्या दिवशी शालनने स्वतः परकारांना फोन करून सांगितलं, की मला नसलेल्या वस्तू दिसायला लागल्या आहेत, नवरा शेजारी होता, त्याला विचारा. परकारांनी त्याला विचारलं. तो हो म्हणाला. नव्या गोळ्यांनी शालनचा हात थरथरू लागला आणि बोलणं जड झालं. दिवसातला बराच वेळ ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बुटाला पुन्हा आले. बंदराला आणखी अर्धा तास हवा होता. दिगंबरने नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबला नाही. त्याच दिवशी त्याने आयुक्तांच्या नावे चार पानं लिहिली. जूनपासूनचं सगळं, तारखेनिशी. परकारांना एक प्रत दिली.

चौकशी तीन दिवसांत आटोपली. समितीने घड्याळ तपासलं तेव्हा सावली अचूक वेळेवर होती. संगणकात मागच्या महिन्यांची नोंद सापडली नाही. अहवालात लिहिलं होतं, की तंत्रज्ञ मयेकर यांच्या पत्नी दीर्घकाळ मानसिक आजारी असून त्या ताणाचा परिणाम त्यांच्यावरही झालेला दिसतो. त्यांना सहानुभूतीपूर्वक रजा द्यावी. परकारांनी तो अहवाल वाचला आणि फोनवर इतकंच म्हणाल्या, "तुम्ही जानेवारीत बोलला असतात तर मी स्वतः जाऊन काठी रोवून मोजलं असतं. आता मोजायला काय ठेवलंत?"

तीन मार्चला, सकाळी, दिगंबर शालनच्या पलंगाशी बसला. त्याने तिला उशीला टेकवून बसवलं, तिचा थरथरता हात धरला आणि सगळं सांगितलं. बुटाला, पंधरा सेकंद, सोळा मिनिटांचं चिन्ह, परकारांची खोली, दोन सावल्या. शालन शांतपणे ऐकत होती.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून. तुझं गणित कधीच चुकलं नव्हतं. आता घड्याळ खरं चालतंय, पाहिजे तर चल, आत्ता मोजू. आज सूर्य बारा मिनिटं मागे आहे. सदतीस अधिक बारा, एकोणपन्नास. बघ जुळतं की नाही."

"अधिक?" शालनने विचारलं.

"हो. आज अधिक."

"मग तेच तर तू सांगितलं होतंस. मिळवायचे असतात म्हणून."

"शालन, ते नोव्हेंबरात. नोव्हेंबरात वजा आणि आता अधिक. हे तूच मला शिकवलंयस!"

ती हसली. थकलेलं हसू होतं, पण त्यात माया होती. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"रजा देऊन घरी बसवलं ना तुला माझ्यापायी?" ती म्हणाली. "केतकी फोनवर रडत होती. आणि आता मला बरं वाटावं म्हणून सगळा दोष स्वतःवर घेऊन बसलास."

"मी खोटं बोललो गं तुझ्याशी. मैदानात दोन सावल्या होत्या. मलाही दिसत होत्या!"

"नाही रे," शालन म्हणाली, एखाद्या हट्टी पोराची समजूत घालावी तशी. "मी तेव्हा तुलाच विचारलं होतं. का माहितीये? मला भास होत असला तरी तू खोटं सांगणार नाहीस, एवढं मला ठाऊक होतं. तेवढं एकच तर आता मला नक्की ठाऊक असतं. ते नको काढून घेऊस."

बाहेर रस्त्यावर उजेड चढला होता, किती वाजले असतील ते त्या उजेडावरून कुणालाही कळलं असतं. शालनने एकदा खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दिगू, जेवायची वेळ झाली का?"

अजून दहासुद्धा वाजले नव्हते. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"झाली," तो म्हणाला.

ती लगेच पलंगावरून पाय खाली सोडून उठली आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात ताटं घ्यायला गेली.